आधी राजमान्यता, मग परीक्षा

शून्य खर्चाच्या नैसर्गिक शेतीचे प्रवर्तक सुभाष पाळेकर मूळचे अमरावती जिल्ह्यातले. या पद्धतीचा अधिकार कोणत्या क्रमाने वाढला, हे पाहण्यासारखे आहे. आधी शिबिरे आणि पुस्तके. मग 2016 मध्ये पाळेकरांना पद्मश्री, त्याच वर्षी आंध्र प्रदेशात सरकारी कार्यक्रम, 2018 मध्ये तेथे 60 लाख शेतकऱ्यांचे उद्दिष्ट आणि जुलै 2019 मध्ये केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात उल्लेख. हे तंत्र सिद्ध झालेले नाही, असा आक्षेप राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने जाहीरपणे घेतला तो त्यानंतर. राजमान्यता आधी मिळाली, परीक्षेचा प्रश्न मागून आला.

समर्थक म्हणतात, इतके शेतकरी करतात, आणखी पुरावा कशाला? पण शिबिराच्या मंचावर यशस्वी शेतकरीच बोलतो. दोन हंगामांत पद्धत सोडून दिलेल्याला तेथे कोणी बोलावत नाही.

दुसरा दावा असा की, पीक बहुतांश अन्न हवा-पाण्यातून घेते, जमिनीचा वाटा दीड-दोन टक्के. कोरड्या वजनात कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनच जास्त, हे खरे. परंतु स्फुरद हवेतून मिळत नाही आणि हवेतले नत्र गहू-ज्वारीला थेट घेता येत नाही. या पद्धतीत एकरी दिल्या जाणाऱ्या जीवामृत या द्रावणात 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती असते. यातले नत्र पाव किलोच्या आसपास भरते. एक क्विंटल गव्हाच्या दाण्यांतून मात्र सुमारे 2 किलो नत्र शेताबाहेर जाते. जीवाणू मातीतला साठा मोकळा करतात, हे उत्तर अपुरे आहे, कारण साठा भरून काढावाच लागतो.

ही पद्धत म्हणजे देशी ज्ञान, हा दावा तर अधिकच तपासण्याजोगा. वऱ्हाडी शेतकरी कपाशीत तुरीची ओळ घेतो, धनगराची मेंढरे रानात बसवतो, कोणत्या तुकड्याला किती गाड्या शेणखत लागते हे जाणतो. ते ज्ञान जमिनीगणिक बदलते. जीवामृताचे माप मात्र कोकणच्या जांभ्याला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकच.

म्हणून सगळेच टाकाऊ ठरत नाही. आच्छादनाने ओल टिकते, मिश्रपिकाने जोखीम विभागली जाते, उसनवारीवर आणलेल्या निविष्ठांचा खर्च वाचतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या कर्जाची दखल या चळवळीने घेतली, म्हणूनच तो तिच्याकडे वळला. शास्त्रज्ञांवर कंपन्यांचे हस्तक असल्याचा शिक्का मारून मात्र नत्राचा हिशेब टळत नाही.

सरकारांनी उद्दिष्टे जाहीर करण्याआधी शेतकऱ्यांच्याच रानात, निरनिराळ्या जमिनींवर, निदान तीन वर्षे चाचण्या घ्याव्यात. गाय पाळण्याचा खर्च आणि घरच्या बायकांची मजुरी त्या हिशेबात धरावी आणि फसलेल्या शेतांचे आकडेही छापावेत.