निर्वासितांच्या पोथ्या आणि मराठी दप्तर

अंबरनाथचे शिवालय शके ९८२ च्या शिलालेखासह आपल्याला वारशाने मिळाले, आणि त्याचा एखादा दगड ढासळला तर हळहळणारे रसिक व अभ्यासक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. परंतु त्याच परिसरात, मोरिवलीच्या कारखान्यांभोवती वाढलेल्या वस्त्यांत, शेजारच्या उल्हासनगरात आणि बदलापुरात, दूरदेशाहून किंवा कोकणातून येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांनी आपल्या कपाटांतून जी धर्मपुस्तके आणि जे कागद जिवापाड जपले आहेत, त्यांचा विचार मात्र अद्याप सार्वजनिक पातळीवर झालेला नाही. तो आता व्हावयास हवा, आणि तो करण्यास फार वेळ उरलेला नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

हा सारा मुलूखच विस्थापितांनी वसविलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबे उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. जमीनजुमला व दुकाने मागे टाकून आलेल्या या माणसांच्या सामानात गुरुमुखी आणि अरबी-सिंधी लिपीतील धर्मग्रंथ होते, आणि गमावलेल्या मालमत्तेबद्दल सरकारदरबारी मांडावयाच्या क्लेमचे कागदही होते. त्याच सिंधमधील कराचीत मराठी बोलणारा बेने इस्राएल यहुद्यांचा एक छोटा समाजही नांदत होता, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. तेथील मागेन शालोम हे प्रार्थनामंदिर त्यांच्यापैकीच सॉलोमन डेव्हिड यांनी १८९३ मध्ये उभारले. फाळणीनंतरच्या काळात त्यांतील बहुतेकांनी कराची सोडली, कित्येक मुंबईस परतले, आणि ते मंदिर १९८८ मध्ये जमीनदोस्त झाले. जेथे इमारतच उरली नाही, तेथे तिच्या छायेत वाढलेल्या घरांनी बरोबर आणलेल्या तेफिल्ला, म्हणजे प्रार्थनापुस्तके, आणि केतुबा, म्हणजे विवाहाचे करारनामे, हाच त्या समाजाचा उरलासुरला पुरावा होय.

बेने इस्राएलांच्या इतिहासाचा आरंभच पुस्तके गमावण्यापासून होतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे तारू फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि धर्मग्रंथांसह सर्व चीजवस्तू समुद्रात गेली, असे त्यांची परंपरा सांगते. शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना, एवढ्या शिदोरीवर, शनिवारी तेलघाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ कोकणच्या गावांत शतकानुशतके यहुदी म्हणून जगले. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांची पहिली ‘मशीद’, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, बांधली, आणि एकोणिसाव्या शतकात हरवलेले ग्रंथ त्यांच्या हाती परत आले ते मराठीचे बोट धरून. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण या समाजाने विद्या तेवढी घेतली आणि धर्म आपलाच राखला. पेसाह सणाच्या रात्री वाचावयाची हागादा मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली. मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक राहिलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८८० च्या सुमारास तर हरदासी कीर्तनाच्या धर्तीवर बायबलातील कथांची कीर्तनेही सुरू झाली.

पुण्यात १८७४ साली शिळाछापावर निघालेली हागादा पाहावी, म्हणजे या ग्रंथांचे मोल काय ते कळते. इजिप्तच्या दास्यातून सुटलेल्या पूर्वजांची कथा पेसाहच्या रात्री घरातील सर्वांनी मिळून वाचावयाची असते. ती येथे हिब्रूच्या जोडीने मराठीत दिली आहे, आणि बेखमीर भाकरी लाटणाऱ्या व भाजणाऱ्या स्त्रियांची जी चित्रे तीत आहेत, त्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. हे पुस्तक जितके यहुद्यांचे तितकेच महाराष्ट्राचे आहे, असे म्हणण्यास याहून अधिक आधार कोणता हवा? शिवाय घरोघरच्या प्रतींत छापील मजकुराइतकाच किमती असतो तो कोऱ्या पानांवरचा मजकूर. कोणाचा जन्म कधी झाला, कोणते लग्न कोणत्या गावी लागले, कोण वारले, हे तेथे घरच्याच हस्ताक्षरात टिपून ठेवलेले असते. ग्रंथसूचीत ती प्रत केवळ एक आवृत्ती म्हणून नोंदली जाईल, पण त्या पानांमुळे ती एका घराण्याची सनद झालेली असते.

अशा कागदांचे काम केवळ स्मरणरंजनाचे नसते. इस्रायलात गेलेल्या बेने इस्राएलांच्या वंशशुद्धीविषयी तेथील धर्मपीठाने शंका घेतली आणि १९६२ मध्ये त्यांच्या विवाहांसाठी पूर्वपिढ्यांच्या चौकशीचा दंडक घातला, तेव्हा कोकणातून गेलेल्या साध्या माणसांना आपल्या आज्या-पणज्यांची साक्ष काढावी लागली. पुष्कळ संघर्षानंतर १९६४ मध्ये हा प्रश्न मिटला. निर्वासिताचा शब्द जेथे पुरत नाही, तेथे त्याचा दस्तऐवज बोलतो. हैम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत १८९७ मध्ये लिहून पुरा केला, परंतु तो तेल अवीव येथे छापला गेला १९३७ मध्ये. मधली चाळीस वर्षे ते हस्तलिखित कोणी सांभाळले नसते, तर बेने इस्राएलांविषयी आज आपण जे जाणतो त्यातील किती गोष्टी उरल्या असत्या?

आता ही घरे झपाट्याने रिकामी होत आहेत. २०११ च्या जनगणनेत उभ्या भारतात यहुदी पाच हजारांहूनही कमी होते. मुले परदेशी गेली, वृद्ध निवर्तले, जुन्या इमारतींचा पुनर्विकास झाला, की कपाटे उघडली जातात आणि त्यातील कागदांचा निकाल एका दुपारी लागतो. हिब्रू वाचता येणारे घरात कोणी नाही, आणि सिंधी कुटुंबांत आजोबांची अरबी लिपी नातवाला परकी झाली आहे. पोथी फेकवत नाही आणि वाचताही येत नाही, अशा पेचात ती दमटपणाच्या आणि वाळवीच्या स्वाधीन होते. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे ईश्वराचे नाव लिहिलेला जीर्ण ग्रंथ फेकून न देता दफनभूमीत पुरावयाचा असतो. हा नियम आदरणीयच आहे, पण पुरण्यापूर्वी त्यातील नोंदींची छायाचित्रे घेण्यास धर्माची आडकाठी नसावी.

हा चार घरांचा खाजगी मामला आहे, त्यात सरकारने किंवा समाजाने का पडावे, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर इतकेच की पेशव्यांच्या दप्तराचे रुमाल सोडले तर मराठ्यांच्या इतिहासाची बहुतेक साधने अशीच खाजगी होती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून ती मिळविली नसती, तर त्यांचे बावीस खंड निघाले नसते. वाड्यातला खलिता तेवढा इतिहासाचे साधन, आणि बराकीतल्या किंवा चाळीतल्या पेटीतील तेफिल्ला मात्र घरगुती अडगळ, हा भेद टिकणारा नाही. शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना राज्यात अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, आणि २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन निर्णयांना एकत्रितपणे काही अर्थ द्यावयाचा असेल, तर तो अशाच कामातून देता येईल.

यासाठी नवे संग्रहालय उभारावयास नको, आणि कोणाच्या घरातून एक पानही उचलून नेण्याचे कारण नाही. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाने हिब्रू, गुरुमुखी आणि अरबी-सिंधी जाणणाऱ्या मोजक्या माणसांची तजवीज करावी. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर येथील ग्रंथालयांनी व महाविद्यालयांनी घरोघर निरोप पोहोचवावा. पुस्तकाचे वर्णन, कोऱ्या पानांवरील नोंदी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत, यांची फेरिस्त करावी, छायाचित्रे घ्यावीत, आणि त्यांचा एक संच त्या कुटुंबास द्यावा. मालकी घराचीच राहावी, आणि कोणता कागद दाखवावयाचा व कोणता झाकून ठेवावयाचा याचा अधिकारही घराचाच असावा, कारण ज्यांच्या पूर्वजांना जबरदस्तीने घर सोडावे लागले, त्यांच्याकडे आपण मागणारे म्हणूनच गेले पाहिजे.

घरातील वृद्ध हयात आहेत तोवरच हे काम सार्थ होईल. हस्ताक्षर कोणाचे आणि नोंद कोणत्या प्रसंगाची हे सांगणारे माणूस गेले, की उत्तम जपलेला कागदही मुका होतो. म्हणून इमारतींच्या जीर्णोद्धारासाठी जो निधी आपण वर्षानुवर्षे मागतो, त्याचा एक लहानसा अंश या कामासाठी याच वर्षी मागावा, आणि ज्यांच्या घरी अशी पुस्तके आहेत त्यांनी सरकारची वाट न पाहता, आज आठवते तेवढे आजच मराठीत लिहून त्या पुस्तकातच ठेवावे.