‘हायड्रो’ आणि ‘ओजी कुश’ : गांजाच्या जातीच्या नावावरून परिणाम कळतो का?

बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात ‘हायड्रोपोनिक’ गांजा सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून वारंवार येत आहेत. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला आणि तिथे उघड दुकाने निघाली. जून २०२५ मध्ये फुलांची विक्री पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरती मर्यादित झाली. या काळात परदेशी जातींची नावे आपल्या मुलांच्याही तोंडी बसली. म्हणून पालक विचारतात, “डॉक्टर, तो म्हणतो ही जात सौम्य आहे, फक्त झोपेसाठी आहे. खरं आहे का?”

थोडक्यात उत्तर : जातीच्या नावावर विसंबू नका. त्यात टीएचसी किती आहे, घेणाऱ्याचे वय काय आणि तो किती वेळा घेतो, हे महत्त्वाचे.

नाव आणि वंश

‘हायड्रोपोनिक’ ही जात नाही. मातीऐवजी पोषक द्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर रोप वाढवण्याची ती पद्धत आहे. ‘ओजी कुश’ हे मात्र जातीचे नाव. ही जात १९९० च्या दशकात अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ‘कुश’ हा शब्द हिंदुकुश पर्वतावरून आला. तिचे मूळ वाण कोणते, यावर ती वाढवणाऱ्यांमध्येच एकमत नाही, कारण लागवड चोरून होत असे.

हापूसचे कलम लावले तर हापूसच मिळतो, कोय लावली तर खात्री नसते. गांजाचेही तसेच आहे. फांदीपासून केलेले रोप मूळ रोपासारखे असते, बियांतून गुण बदलतात. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी जनुके तपासली, तेव्हा एकाच नावाचे नमुने कित्येकदा एकमेकांपेक्षा वेगळ्या नावाच्या नमुन्यांशी अधिक जुळले.

नशा आणणारे टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी ही दोन्ही द्रव्ये रोपात एकाच मूळ द्रव्यापासून तयार होतात. कोणते जास्त बनणार, हे जनुके ठरवतात. ओजी कुशसारख्या जातींत टीएचसी भरपूर आणि सीबीडी नगण्य असते. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ मध्ये सुमारे १२ टक्के झाले. तुमच्या कॉलेजच्या दिवसांतल्या गांजावरून आजच्या गांजाचा अंदाज बांधू नका.

वास कशाचा?

हा वास मुख्यतः टर्पीन नावाच्या द्रव्यांचा. ती आपल्या स्वयंपाकघरातही आहेत : लिंबाच्या सालीत लिमोनीन, मिरी-लवंगेत कॅरिओफायलीन, आंब्यात मायर्सीन. ओजी कुशमध्ये ही तिन्ही आढळतात. नाकात घुसणारा उग्र दर्प मात्र अतिशय अल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो.

‘मायर्सीनमुळे शांत झोप लागते’, ‘लिंबाचा वास असेल तर उत्साह येतो’ असे दावे विक्रेते करतात. २०२४ मध्ये अमेरिकेतील एका लहान अभ्यासात टीएचसीमुळे येणारी बेचैनी लिमोनीनने काही अंशी कमी झाली. पण तिथे दोन्ही द्रव्ये मोजून दिली होती. पाकिटातल्या फुलाला हा निष्कर्ष लावता येत नाही.

शरीरावर काय होते?

धूर घेतल्यावर काही मिनिटांत तोंड कोरडे पडते, डोळे लाल होतात, नाडी वाढते, भूक लागते, वेळ संथ वाटतो आणि लक्ष विचलित होते. मात्रा वाढली की भीती आणि संशय. खाण्यातून घेतल्यास परिणाम अर्ध्या ते दोन तासांनी दिसतो, म्हणून ‘काहीच झालं नाही’ असे समजून माणूस आणखी घेतो.

युरोप आणि ब्राझीलमधील २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात, १० टक्के किंवा अधिक टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रमाच्या आजाराची, शक्यता न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. याचा अर्थ प्रत्येकाला आजार होतो असा नाही. पण किशोरवयात सुरुवात झाली असेल किंवा घरात असा आजार असेल, तर धोका अधिक. वर्षानुवर्षे घेणाऱ्या काहींना वारंवार उलट्या होतात आणि गरम पाण्याने आंघोळ केली की तेवढ्यापुरते बरे वाटते. हे लक्षण डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घरी काय कराल?

- पाकीट सापडल्यावर आधी आरडाओरडा नको. “कधीपासून, किती वेळा, कशासाठी?” हे शांतपणे विचारा. झोप येत नाही म्हणून घेत असेल, तर झोपेवर उपचार आहेत.
- छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, कानात आवाज येणे, टोकाचा संशय किंवा आत्महत्येची भाषा दिसली तर लगेच रुग्णालयात न्या आणि काय घेतले ते लपवू नका.
- आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा बाळगणे आणि सेवन करणे गुन्हा आहे. मात्र व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात याच कायद्यातील कलम ६४-अ संरक्षण देते. भीतीपोटी उपचार टाळू नका.
- व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे शासकीय मदत क्रमांक आहेत.

मुलगा पुन्हा म्हणाला, “ही सौम्य जात आहे,” तर जातीवरून वाद घालू नका. “यात टीएचसी किती आहे, ते तुला कोणी मोजून दिलं?” एवढेच विचारा. उत्तर त्याच्याकडे नसेल, आणि बोलणे तिथून सुरू होऊ शकेल.