करमुक्त कष्ट आणि रुपयाचे धनी

आपल्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे एक तक्रार फार रूढ झाली आहे. तिचा मथितार्थ असा कीं, या देशांत आयकर भरणारे मूठभर आणि बाकीचे सारे त्यांच्या जिवावर फुकट जगणारे. शेतकऱ्याला आयकर माफ, हातगाडीवाला हिशेब ठेवीत नाहीं, मोलकरीण रोख पगार घेते, शेतमजुराच्या मजुरीची पावती कोठेंच नाहीं. तेव्हां हा सारा करमुक्त व्यवहार म्हणजे राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेला लागलेली वाळवी होय, असा निकाल पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत रोज दिला जातो. देगलूरसारख्या सीमेवरच्या गांवीं राहणाऱ्या माणसाला तो ऐकून हसूं यावें कीं राग यावा, हें समजत नाहीं. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. करमुक्त कष्ट अशी वस्तु या देशांत नाहींच. जो कर पावती फाडून घेतां येत नाहीं तो रुपयाच्या द्वारें घेतला जातो, आणि तो घेणाऱ्या संस्थेस जाब विचारण्याची सोय कष्टकऱ्यांस नाहीं.

प्रथम सोपा भाग उरकून घेऊं. देगलुराच्या आडतीवर सोयाबीन घालणारा शेतकरी आयकर देत नाहीं हें खरें. ही सूट इंग्रजी अमदानींतील १८८६ च्या कायद्यापासून चालत आली आहे. तिच्या आडून कित्येक बागायतदार पुढारी आपलें भलतेंच उत्पन्न शेतीच्या खात्यावर दाखवितात, हेंही खरें. त्यांचा कैवार घेण्यासाठीं हा लेख नाहीं. पण साधा कोरडवाहू शेतकरी खताचें पोतें उचलतो तेव्हां वस्तु-सेवा कर त्या किंमतींत बसलेलाच असतो. फवारणीच्या औषधावर तो आहे. डिझेलवर केंद्राचा एक कर आणि राज्याचा दुसरा. साबणाच्या वडीवर जुलै २०१७ पासून शेंकडा १८ कर होता, तो सप्टेंबर २०२५ मध्यें ५ वर आला. आठ वर्षें शेतमजुराच्या बायकोनें तो मुकाट्यानें भरला. नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदींत भरलेला कर विक्रीच्या वेळीं वळता करून मिळतो. शेतकऱ्याचा माल करमुक्त, म्हणून त्याला ही वळती नाहीं. ज्याला आपण करमुक्त म्हणून हिणवतों त्याच्याच गळ्यांत साखळीच्या शेवटचा धोंडा येऊन अडकतो.

याहून मोठा भाग बायकांच्या कष्टांचा आहे, आणि त्याकडे करवादी व त्यांचे विरोधक असे दोघेही डोळेझांक करतात. ज्वारी मळून घरांत आली, विकली नाहीं, घरींच खाल्ली, तरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबांत तिची किंमत धरली जाते. त्याच ज्वारीची भाकर चुलीवर पडली कीं हिशेब थांबतो. तीच भाकर बसस्थानकाजवळच्या खानावळींत थापली गेली तर मात्र राष्ट्राचें उत्पन्न वाढतें! पिगू नांवाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें शंभर वर्षांपूर्वींच या विसंगतीकडे बोट दाखविलें होतें: एखाद्या गृहस्थानें आपल्या पगारी घरकामवालीशीं लग्न लावलें तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्यानें घटतें. पंडित मंडळी ही गोष्ट वर्गांत सांगून विद्यार्थ्यांना हंसवीत आली. हिशेब तसाच राहिला. १९४९ सालीं स्वतंत्र भारतानें राष्ट्रीय उत्पन्न समिति नेमली. महालनोबीस तिचे अध्यक्ष होते. आपले धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे सभासद. त्या काळीं साध्या पिकांचे आंकडे जमवितांनाही मारामार होती, तेव्हां त्यांना दोष देणें अन्यायाचें. आज ती सबब उरलेली नाहीं. २०२४ सालच्या सरकारी कालविनियोग-पाहणींत असें आढळलें कीं, घरचें बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचीं त्यांत रोज सरासरी २८९ मिनिटें जातात आणि पुरुषांचीं ८८. रोजचे जवळजवळ पांच तास, आणि त्यांची किंमत शून्य.

या पांच तासांचा मध्यवर्ती बँकेशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, महागाईचा पहिला तोटा याच तासांतून भरून काढला जातो. गॅसची टाकी परवडेनाशी झाली कीं घरची बाई शेतांतल्या पऱ्हाट्या गोळा करूं लागते. डाळ कडाडली कीं ती पाणी वाढविते, रानभाजी शोधते, फाटकें लुगडें आणखी एकदां शिवते. निर्देशांक वस्तूंचा भाव मोजतो. त्या भावाशीं झुंजतांना खर्ची पडलेला तास तो मोजीत नाहीं. ऊसतोडीच्या मोसमांत तर नवरा-बायको मिळून एकच कोयता धरला जातो आणि मुकादमाची उचल नवऱ्याच्या हातीं पडते. तेथें बाईच्या कष्टाला पैसा आहे, पण तो तिच्या नांवाचा नाहीं.

आतां रुपयाकडे वळूं. रुपया कोणी तरी काढतो आणि कोणी तरी मागें घेतो, हें मराठवाड्याला शिकविण्याची गरज नाहीं. देगलूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. इकडे चाले तो हाली सिक्का. इंग्रजी मुलुखाचा रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हें त्रैराशिक व्यापाऱ्याला तोंडपाठ. हैदराबाद सरकारनें १९१८ पासून कागदी नोटाही काढल्या, आणि त्यांवर उर्दू-इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कानडी अक्षरें होतीं. ज्या राज्यांत मराठी शाळेला दारें किलकिलींच, तेथें नोटेवर मात्र मराठीस जागा होती! पुढें १९४१ च्या कायद्यानें हैदराबाद स्टेट बँक निघाली व या चलनाची व्यवस्था तिच्याकडे गेली. सप्टेंबर १९४८ मध्यें पोलीस कारवाई झाली आणि निजामाची राजवट संपली. पण त्याचा रुपया एका रात्रींत संपला नाहीं. १९५० पासून भारतीय रुपया आणि हाली हे शेजारीं शेजारीं चालले, आणि १९५९ सालीं हाली पुरता इतिहासजमा झाला. नऊ वर्षें! ज्या राजवटीवर फौजा घालाव्या लागल्या तिचें नाणें उतरवायला नव्या सरकारनें नऊ वर्षें घेतलीं. म्हातारीच्या उतरंडींतला शेवटचा रुपया बाहेर यायला अवधि लागतो, हें त्या वेळच्या कारभाऱ्यांस उमगत होतें.

आतां ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. आठ वाजतां घोषणा, मध्यरात्रीं ५०० व १००० च्या नोटा रद्द. नऊ वर्षांच्या जागीं चार तास. चलनांतील मूल्याचा शेंकडा ८६ भाग त्या रात्रीं कागद झाला. १९४६ व १९७८ सालींही मोठ्या नोटा रद्द झाल्या होत्या, पण एक तर तें कायद्यानें किंवा वटहुकुमानें झालें, आणि दुसरें म्हणजे हजारांच्या व दहा हजारांच्या त्या नोटा शेतमजुरानें कधीं पाहिल्याही नव्हत्या. या वेळीं सोयाबीन विकून हातीं आलेला पैसा, रब्बीच्या पेरणीचा पैसा आणि मजुरीचा पैसा असा सगळाच एका फटक्यांत अडकला. त्यावर कडी म्हणजे, १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनें जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई केली. खेड्यांतल्या शेतकऱ्याचें खातें बहुधा तेथेंच! शहरांतल्या खात्यांचे दरवाजे उघडे, खेड्यांतल्यांस कुलूप. कारण तेथें गैरव्यवहार होईल अशी शंका. जणूं शहरांतल्या बँकांतून तोंवर गंगाजळच वाहत होतें.

ही शंका खरी होती काय, तें बँकेच्याच कागदांवरून पाहावें. त्या दिवशींच्या संचालक मंडळाच्या बैठकीचें इतिवृत्त पुढें माहिती अधिकारांत बाहेर आलें. काळा पैसा मुख्यतः रोखींत नसून सोनें व स्थावर मालमत्तेंत असतो, असें त्यांतच नमूद आहे. तरीही मंडळानें मान डोलावली. रद्द झालेल्या १५ लाख ४१ हजार कोटींपैकीं १५ लाख ३१ हजार कोटी परत आल्याचें बँकेनेंच २०१७-१८ च्या अहवालांत सांगितलें. म्हणजे शंभरांत नव्याण्णवांहून अधिक. काळा पैसा पकडावयास निघालेल्यांच्या जाळ्यांत सांपडला तो डब्यांतला, लुगड्याच्या घडींतला, नवऱ्याच्या दारूपासून वांचवून ठेवलेला बायकांचा पैसा. पांच तासांच्या बिनमोल कामांतून काटकसरीनें जमलेली ती शिल्लक चारचौघांत बाहेर काढावी लागली. जानेवारी २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक अशा मतानें हा निर्णय वैध ठरविला. तें एक मत न्यायमूर्ति नागरत्ना यांचें. बँकेनें स्वतंत्र विचार केलाच नाहीं, सरकारच्या सूचनेवर चोवीस तासांत सारें उरकलें, आणि असें पाऊल संसदेच्या कायद्यानेंच टाकावयास हवें होतें, असा त्यांचा अभिप्राय. निकाल बहुमताचा, पण आम्हांस न्याय त्या एका मतांत दिसतो.

नोट जवळ बाळगणारा माणूस बँकेला बिनव्याजी कर्जच देत असतो. तिच्या नफ्यांतून २०२४-२५ सालापोटीं २ लाख ६८ हजार ५९० कोटी रुपये सरकारला मिळाले. त्यांत परकीय चलनाच्या व्यवहारांतली कमाई मोठी, हें मान्य. तरी दिवाणखान्यांतल्या मंडळींनीं केव्हां तरी हा आंकडा डोळ्यांसमोर ठेवून मग 'फुकट जगणाऱ्यांचा' हिशेब मांडावा.

येथें एक आक्षेप गंभीरपणें घेतला पाहिजे. चलनाची सत्ता तज्ज्ञांच्या हातीं नको तर कोणाच्या? मंत्र्यांच्या हातीं गेली तर निवडणुकीच्या तोंडावर नोटांचा पाऊस पडेल आणि महागाईनें गरीबच आधीं मरेल. हें आम्हांसही पटतें. डॉ. आंबेडकरांनीं १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तो याच भीतीपोटीं. भाव वाढतात त्या वेगानें मजुरी वाढत नाहीं, म्हणून चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर न सोडतां त्याच्या हातांना नियमाची मर्यादा घालावी, असा त्यांचा आग्रह होता. पण आज मर्यादा आहे ती कशी, तें पाहा. २०१६ च्या दुरुस्तीनें महागाईचें लक्ष्य शेंकडा ४ ठरलें, दोन टक्के इकडे-तिकडे. दर ठरविणाऱ्या समितींत सहा जण, तीन बँकेचे व तीन सरकारनें नेमलेले. आणि सरकारी जागाही कायद्यानेंच अर्थशास्त्र, बँकव्यवहार, वित्त वा चलननीति जाणणाऱ्यांसाठीं राखलेल्या. भाव कशास म्हणतात तें बाजारांत शिकलेल्या बाईला तेथें प्रवेश नाहीं. सलग तीन तिमाह्या मर्यादा ओलांडली तर बँकेनें सरकारला लेखी कारण द्यावें, असा नियम आहे. २०२२ सालीं मर्यादा ओलांडली गेली. नोव्हेंबरांत पत्रही लिहिलें गेलें. तें लोकांसमोर ठेवण्यांत आलें नाहीं!

उपाय म्हणून बँकेनें मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवधींत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. सावकाराकडून शेंकडा तीन रुपये महिन्यानें, म्हणजे सालीना छत्तीसनें, पैसा उचलणाऱ्याला हा फरक कळणार तरी कसा? त्याला कळतें तें एवढेंच कीं, बँकेचा साहेब आखडता हात घेऊं लागला म्हणजे पहिला अर्ज त्याचाच परत येतो, आणि मग तो पुन्हां सावकाराच्या ओट्यावर.

आमच्या मागण्या फार नाहींत. यापुढें कोणतीही नोट रद्द करावयाची तर ती संसदेंत कायदा करून, आणि हालीला दिला तसा वर्षांत मोजण्याजोगा अवधि देऊन. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्याशेजारीं घरच्या बिनपगारी कामाचा तक्ता दरसाल छापला जावा; कर बसविण्यासाठीं नव्हे, तर महागाईचा भार कोणी उचलला तें दिसावें यासाठीं. आणि महागाई आटोक्याबाहेर गेल्याचें कारण सांगणारें पत्र त्याच महिन्यांत प्रसिद्ध व्हावें, तेंही मराठी-तेलुगूसकट सर्व भाषांत. नोटेच्या पाठीवर इतक्या भाषांतून रक्कम लिहिणाऱ्या बँकेला भाषांतरकार मिळत नाहींत असें तर नाहीं.