पोरं वाचवायची की नुसते खटले भरायचे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेजारच्या पैठण एमआयडीसीत महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबाद गुन्हे शाखेने छापा घातला, तेव्हा मेफेड्रोन, म्हणजे पोरांच्या भाषेतले एमडी, आपल्या मराठवाड्यातच तयार होते हे उघड झाले. मुंबई-पुण्याच्या बड्या बापांच्या लेकरांचा हा शौक, असे म्हणून जालन्याने आता हात झटकू नयेत. अंबड-परतूरची मुले छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठात शिकतात, खोली करून राहतात. तिथे झोपेच्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीनचे खोकल्याचे औषध ही सारी 'एच-वन' यादीतली औषधे. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. ती वही कोण तपासतो?

पंचशीलातले पाचवे शील आमच्या घराघरात म्हटले जाते. नशा करू नये, हे आम्हीही सांगतोच. पण ज्याने घेतलीच आहे, त्याला मरू द्यायचे काय? गोळ्या, कोडीन आणि दारू एकत्र गेली की श्वास मंदावतो. पोरगा घोरतोय, झोपू द्या, असे म्हणून मित्र निघून जातात आणि घात होतो. हलवूनही उठत नसेल तर त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका, १०८ ला फोन करा आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. अफूवर्गीय औषधावर नॅलोक्सोन हा उतारा असतो, पण डॉक्टरला कळले तर ना! एमडीत अंग तापते, छाती धडधडते, तिथेही दवाखानाच.

मित्र पळतात ते पोलिसांच्या भीतीने. म्हणून कायदा सांगतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात सेवनाला कलम २७ आहे. पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड. पण कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पुरे करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्या, असे म्हणण्याचा हक्क कलम ५० देते. मात्र 'मित्राची पुडी फक्त खिशात ठेवली' हा बचाव टिकत नाही. एमडीची अल्प मर्यादा अवघी २ ग्रॅम आहे. ५० ग्रॅमच्या वर किमान दहा वर्षे!

बड्या घरचा पोरगा वकिलांची फौज उभी करतो. आमचा पोरगा एका गुन्ह्यापायी पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत अडकतो.

म्हणून आमची मागणी आहे: मित्रासाठी रुग्णवाहिका बोलावणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृहातून काढले जाणार नाही, असे समाजकल्याण खात्याने जालन्यातील आपल्या सर्व वसतिगृहांना लेखी कळवावे, आणि १०८ सोबत १४४४६ हा व्यसनमुक्तीचा क्रमांक फलकावर लावावा.