घरचे काम : खांबाचे टोक आणि हाताची बोटे



पावसाळा संपला की अंगणाचे कुंपण, फाटकाचे खांब यांची दुरुस्ती निघते. वर सपाट कापलेल्या लाकडी खांबाचा माथा पाणी पितो, तडकतो आणि कुजू लागतो. लाकडाच्या शिरा उभ्या असतात आणि त्यांची तोंडे माथ्यावर उघडी पडतात. माथ्याला चार उतार दिले की पाणी ओघळून जाते. खांब दिसतोही छान.

हे काम सोपे आहे, पण बोटे जपून करण्याचे आहे. माझे मामा सुतारकाम करीत. एकदा घाईत त्यांनी यंत्राच्या पात्यावरचे झाकण काढले आणि वीतभर तुकडा हातात धरूनच टोक कापायला घेतले. तुकडा उसळला. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. पुढे त्यांना कधी चिमटीत खिळा धरता आला नाही. म्हणून आज कृती सांगताना आधी हाताचा विचार करू.

आखणी : खांब ४ इंच चौरस आहे असे धरू. माथ्यापासून २ इंच खाली गुण्या लावून चारही बाजूंनी रेघ फिरवा. २ इंच म्हणजे जाडीच्या निम्मे, त्यामुळे उतार ४५ अंशांचा येतो. आता समोरासमोरच्या दोन बाजूंवर, या रेघेच्या दोन्ही टोकांपासून माथ्याच्या कडेच्या मध्यापर्यंत तिरप्या रेघा ओढा.

कापणी : खांब लांबच ठेवा. टोक निघाल्यावर मग खालून हवी तेवढी लांबी कापा. आखूड तुकडा कधीही हातात धरून कापू नये. खांब मजबूत बाकावर आडवा ठेवून जी-क्लॅम्पने आवळा. नसेल तर सुंभाने करकचून बांधा. मुलाला 'पायाने दाबून धर' असे सांगू नका. करवत सुरू करताना रेघेशी अंगठा टेकवण्याची सवय वाईट. तिथे लाकडाचा ठोकळा टेकवा. काप संपत आला की जोर कमी करा.

समोरासमोरचे दोन काप झाले की कौलारू घराचे छप्पर तयार होते. आखलेल्या तिरप्या रेघांचे काम इथे संपले. आता दोन्ही उतारांवर, खालच्या कोपऱ्यांपासून आढ्याच्या मध्यापर्यंत नव्या रेघा मारा. खांब पाव फेरा फिरवून पुन्हा आवळा आणि उरलेले दोन काप घ्या. चारही उतार एका बिंदूला मिळतील.

पटाशीने साफ करताना पेन्सिल तासतो तसे जाडीकडून टोकाकडे जावे, म्हणजे शिरा उचकटत नाहीत. दोन्ही हात धारेच्या मागे असावेत. टोकाचा बिंदू पॉलिश पेपरने किंचित बोथट करा, नाहीतर पोराबाळांना लागेल. शेवटी माथ्याला बेलतेलाचे दोन हात द्या.

यंत्र वापरणाऱ्यांसाठी : मार्बल कटरला लाकडाचे दातेरी पाते लावून, झाकण काढून काम करणारे पुष्कळ दिसतात. कृपा करून तसे करू नका. कापलेली पाचर पाते आणि टेकणाच्या मध्ये अडकली की गोळीसारखी सुटते. ओढणी, सैल बाही, हातमोजे पात्यात ओढले जातात. डोळ्यांवर चष्मा हवा. पाते पूर्ण थांबल्याशिवाय तुकडा उचलू नका, आणि पाते बदलताना आधी प्लग काढा. चार खांबांसाठी हातकरवत पुरेशी आहे.

इतके करूनही कापलेच तर हळद, चुना, तंबाखू भरू नका. स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, हात उंच धरा आणि दवाखाना गाठा. बोट तुटले असेल तर तो भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात ठेवू नये. वेळेत पोचलात तर ते जोडता येण्याची आशा असते.

ठेकेदार म्हणेल, 'झाकण काढ, काम लवकर होईल.' यंत्राचे धोक्याचे भाग झाकण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्यानेच मालकावर टाकली होती. तेव्हा 'नाही' म्हणायला लाजू नका. खांब पुन्हा आणता येतो. ज्या हातांवर घर चालते ते हात बाजारात मिळत नाहीत.