फडकं ठेवा खाली

सकाळचे सहा वाजले की आमच्या गल्लीत फटफट आवाज सुरू होतो. मोटरसायकलचा नाही, फडक्याचा. प्रत्येक फाटकासमोर एक गाडी, गाडीसमोर एक माणूस आणि त्याच्या हातात जुन्या बनियनचं फडकं. बोनेटवर दोन हात, छतावर दोन हात, काचेवर चार हात. मग फडकं झटकायचं (शेजाऱ्याच्या बाजूला, अर्थातच), आणि पुन्हा त्याच फडक्याने दुसरी बाजू. पाच मिनिटांत गाडी चकाचक. मालक चहा प्यायला मोकळा.

हे मी हसण्यासाठी लिहीत नाहीये. दोन वर्षं मीही हेच केलं. गाडी सेकंडहँड, रंग गडद निळा, आणि निळ्या रंगावर धूळ जरा जास्तच दिसते. रोज पुसायचो. एक दिवस चुकला तरी दिवसभर कसंतरी वाटायचं, दाढी न करता ऑफिसला गेल्यासारखं.

मग मूलला एका लग्नाला गेलो. रात्री मांडवाबाहेर हॅलोजन लावले होते आणि त्यांच्या बरोबर खाली माझी गाडी उभी. जेवून बाहेर आलो, बघतो तर काय! बोनेटभर कोळ्याची जाळी. गोल गोल, बारीक, शेकडो चरे. दिवसा कधी दिसले नव्हते. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या पेंटरकडे गेलो. त्याने बोनेटवर तिरपी नजर टाकली आणि म्हणाला, "भाऊ, तुमी गाडी पुसून नाही राह्यले, पॉलिश पेपर मारून राह्यले."

तर मंडळी, आजचा मुद्दा हा आहे. चंद्रपुरात रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणं म्हणजे स्वच्छता नव्हे. ते गाडीचं नुकसान आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ती आपण आपलीच केलेली फसवणूक आहे.

आधी गाडीचं बघू. आजकालच्या गाडीच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा एक थर असतो, क्लिअर कोट. साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. चमक जी काय असते ती त्याचीच. आता आपल्याकडची धूळ कसली? पुण्यामुंबईची साधी माती नव्हे. आपल्याकडे कोळशाच्या खाणी आहेत, औष्णिक वीज आहे, सिमेंटचे कारखाने आहेत. दगडी कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना असतं. सिलिका म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते ते. २०२१ नंतर सुरजागडचं लोहखनिज ट्रकांनी जाऊ लागलं, तेव्हापासून आलापल्ली-आष्टीकडे जाऊन आलेली गाडी लाल होऊन परत येते. लोहखनिजाचे कण लॅकरपेक्षा कितीतरी कठीण. असले कण कोरड्या फडक्यात धरून तुम्ही रोज गोल गोल फिरवता. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. आता बोला!

सिमेंटची तर तऱ्हाच वेगळी. हिवाळ्यात पहाटे दव पडलं की ती धूळ ओली होते आणि उन्हात चक्क घट्ट बसते. मग माणूस नखाने खरवडतो. नखाने!

"मग काय, पाइप लावून धुवायची?" असं कोणी म्हणेलच. रविवारी सकाळी ते दृश्यही असतंच. पाइप सुरू करून ठेवलेला, मालक फोनवर बोलतोय, पाणी गल्लीतून नाल्याकडे निघालंय. घरगुती पाइपमधून मिनिटाला दहाबारा लिटर पाणी सहज जातं. वीस मिनिटं म्हणजे दोनशेच्या वर. सरकारच्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं असं ठरवलंय. म्हणजे एका बोनेटच्या हौसेपायी चार माणसांचं दिवसभराचं पिणं, रांधणं, अंघोळ आपण नाल्यात सोडतो. आपल्याच जिल्ह्यात जिवतीच्या पहाडावर उन्हाळ्यात बायका गुंडभर पाण्यासाठी किती चालतात ते जाऊन बघा. तेवढं लांब नको? मग २०१० चा उन्हाळा आठवा. इरई धरण इतकं आटलं होतं की वीज केंद्रातले संच बंद ठेवावे लागले होते. शहराच्या नळाला तेच पाणी येतं.

"आमची स्वतःची बोअर आहे," हे पुढचं उत्तर. बोअर तुमची असेल, जमिनीखालचं पाणी तुमचं कसं? आणि ते पाणी जड. मे महिन्यात पत्रा तापलेला असताना ते मारलं की क्षणात वाळतं आणि पांढरे ठिपके मागे ठेवून जातं. ते ठिपके काढायला पुन्हा घासाघीस. म्हणजे गाडी धुऊन आपण ती खराब करतो.

मग मी काय करतो ते सांगतो. मी यातला तज्ज्ञ नाही, पेंटरने शिकवलं आणि चुका करून कळलं ते एवढंच.

आठवड्यातून एकदा, ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी सावलीत. दोन बादल्या. एकीत गाडीचा शॅम्पू घातलेलं पाणी, दुसरीत साधं. कपड्यांची पावडर नाही, भांड्यांचा साबणही नाही. त्याने मेण असेल तर तेही निघून जातं. आधी मगाने वरून पाणी सोडायचं, हात न लावता. चरे पाडणारे बहुतेक कण इथेच वाहून जातात. मग मायक्रोफायबर शॅम्पूत बुडवून छतापासून खाली, सरळ रेषेत, दाब न देता. एक भाग झाला की फडकं साध्या पाण्यात खळबळायचं, मगच पुन्हा शॅम्पूत. धुणं संपल्यावर त्या दुसऱ्या बादलीच्या तळाशी बघा. काळा गाळ दिसेल. कोरडं पुसताना तो सगळा तुमच्या फडक्यात असतो. शेवटी चांगल्या पाण्याचे चारदोन मग आणि ताबडतोब कोरडं करणं. सगळं मिळून तीस-चाळीस लिटर.

चाकं अगदी शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं. पुढच्या चाकांवर जी काळी भुकटी असते ती ब्रेकची, तिच्यात लोखंडाचे कण असतात. तेच फडकं दारावर फिरवलंत तर संपलं. लांबून आल्या आल्या तापलेल्या चाकांवर गार पाणीही ओतू नका, ब्रेकच्या डिस्क वाकड्या होऊ शकतात. पावसाळ्यात भामरागडकडून आलात तर चाकांच्या वरच्या खोबणीतला चिखल आधी काढा. वरून गाडी आरशासारखी आणि खालून पत्रा गंजतोय, असं मी पाहिलंय.

काचेबद्दल मात्र हात जोडून सांगतो. धुळीने भरलेल्या काचेवर कोरडा वायपर मारू नका. आधी पाणी, मग वायपर. काचेवरचे चरे दिवसा दिसत नाहीत. रात्री मूलच्या रस्त्याने या, जंगलातून. समोरून ट्रक आला की त्याचा प्रकाश त्या प्रत्येक चऱ्यात फुटतो आणि दोन सेकंद समोर नुसता पांढरा पडदा असतो. त्या दोन सेकंदांत रस्त्यावर चितळ असेल किंवा दिवा नसलेला सायकलवाला. मला एकदा शेवटच्या क्षणी सायकल दिसली होती. त्या रात्री झोप लागली नाही. काच आतूनही पुसा. आधी ओल्या फडक्याने, मग वर्तमानपत्राने. आतल्या प्लॅस्टिकचा एक तेलकट थर तिथे साचतो.

असो. हे सगळं ऐकून आमचे एक शेजारी म्हणाले, "सगळं पटतं हो, पण आठ दिवस धुळीची गाडी? लोक काय म्हणतील?"

मला वाटतं खरं दुखणं इथे आहे. आपल्याला धुळीचा त्रास होत नाही, धूळ दिसण्याचा होतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांची यादी काढली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. त्याबद्दल गल्लीत किती दिवस बोलणं झालं? दोन. पण एखाद्याची गाडी मळलेली दिसली की आठवडाभर टोमणे. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर काळी पूड येते, आपण पापड झटकतो. पांढरा शर्ट दोरीवरच करडा होतो, आपण पुन्हा धुतो. गाडीवर राख बसते, आपण सकाळी सहाला पुसून टाकतो. साडेसहाला पुरावा नाहीसा! मग दिवसभर शहर कसं सुधारलंय याच्या गप्पा.

आणि पुसतो कोण? पुष्कळ घरी आता महिन्याच्या पैशांवर एक पोरगा येतो. एका सकाळी दहा-पंधरा गाड्या. तोंडाला दुपट्टा बांधलेला, तोही कधी सुटलेला. तुमच्या बोनेटवरची धूळ जमिनीवर पडायच्या आधी त्याच्या छातीत जाते. त्याला आठवड्यातून एकदा पाण्याने धुवायला सांगा आणि पैसे तेवढेच द्या. कामाला गाडीही टिकेल आणि तोही.

मी म्हणत नाही की घाणेरडे राहा. मी म्हणतो, नीट धुवा आणि मधले सहा दिवस धूळ दिसू द्या. पांढरी बशी रात्रभर गच्चीवर ठेवा, सकाळी तिच्यावर बोट फिरवा, आणि ते बोट नगरसेवकाला, आमदाराला, जनसुनावणीत टेबलामागे बसणाऱ्या साहेबांना दाखवा. चकचकीत बोनेट दाखवून काय विचारणार?

आज गुरुवार. माझी गाडी चार दिवसांची धूळ अंगावर घेऊन फाटकाशी उभी आहे. मागच्या काचेवर गल्लीतल्या कुण्या पोराने बोटाने लिहून ठेवलंय, "काका, धुवा ना". (बाळांनो, बोटानेही चरे पडतात!)

रविवारी धुणार आहे. दोन बादल्यांत.