भयकथेतील ‘तिला’ आणि ‘तिने’



मराठी साहित्याच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक संकोच निर्माण होतो. आजवर आवडीने वाचलेली काही पुस्तके आता उघडपणे सांगण्याजोगी वाटत नाहीत. नारायण धारपांच्या भयकादंबऱ्या, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा यांची नावे विद्यार्थी दबक्या आवाजात घेतात. त्यातच पुस्तकात पिशाच्चे असतील, रक्तपात असेल आणि त्या सर्वांना पुरून उरणारी एखादी कणखर नायिका असेल, तर विद्यार्थिनींना घरातूनही ऐकावे लागते: ‘बाईमाणसाने हे असले वाचायचे?’

माझे मत प्रारंभीच नोंदवतो. हे असले जरूर वाचावे, आणि जे लक्ष आपण अभ्यासक्रमातील कादंबरीला देतो तेच लक्ष देऊन वाचावे. मात्र तिची पारख रक्ताच्या प्रमाणावरून करू नये, नायिका किती वार करते यावरूनही करू नये. ती वाक्याच्या रचनेवरून करावी. हे विधान भाषाविज्ञानाच्या शिक्षकाला शोभणारे असले, तरी त्याचा संबंध आपल्या जगण्याशी कसा आहे ते पुढे पाहू.

जुनीच वाट

भीषण कथांचा तिरस्कार नवा नाही. गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’ची आख्यायिका आपल्याच जिल्ह्यातील पैठणशी, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानशी जोडलेली आहे. गुणाढ्याने पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची कथा रचली आणि शाईअभावी ती रक्ताने लिहिली. राजाने ती अव्हेरली. तेव्हा गुणाढ्य अरण्यातील पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत अग्नीत टाकू लागला. सहा लक्ष श्लोक जळाल्यावर राजाला उपरती झाली आणि उरलेले एक लक्ष वाचले. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही; परंतु अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’तून ती परंपरा आपल्यापर्यंत आली. वेताळाच्या पंचवीस कथाही त्यातच आहेत. पिशाच्चांची म्हणून हिणवलेल्या भाषेतील ग्रंथ दरबारात नाकारला जातो आणि पुढे शतकानुशतके वाचला जातो, ही आख्यायिका अभ्यासक्रमाबाहेरच्या पुस्तकांकडे पाहताना विसरू नये.

दोन नावे

आता लासूरकडे वळू. गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन हे मनमाड–छत्रपती संभाजीनगर लोहमार्गावरील बाजारपेठेचे गाव. लासूरचे दैवत दाक्षायणी देवी. तिची कथा आपण श्रद्धेने ऐकतो. अभ्यासक म्हणून ती पुन्हा आठवून पाहा. पित्याच्या यज्ञात पतीचा अवमान होतो, कन्या भरसभेत पित्याला जाब विचारते आणि त्याच्याकडून मिळालेला देह त्यागते. त्यानंतर वीरभद्र यज्ञाचा विध्वंस करतो, दक्षाचा शिरच्छेद होतो आणि पुढे त्याच्या धडावर बोकडाचे मस्तक बसवले जाते. इतकी उग्र, अद्भुत कथा आपल्या गावाच्या देवळात आहे. मग कादंबरीतील भीषणता तेवढी परकी कशी?

भाषेच्या अंगाने पाहिले तर या कथेतील एक वेदना लक्षात येते. ‘दाक्षायणी’ म्हणजे दक्षाची कन्या. ज्या नात्याचा तिने त्याग केला, तेच नाते तिच्या नावात कायम राहिले. शिवाय तिचा क्रोध तिच्या स्वतःच्याच देहावर उतरला. अपराध्याला शासन केले ते दुसऱ्याने. येथून जवळच असलेल्या वेरूळला गेलात तर क्रमांक 14 आणि क्रमांक 16 च्या लेण्यांत महिषासुरमर्दिनी पाहावी. ‘मर्दिनी’ म्हणजे मर्दन करणारी. हे नाव पित्यावरून आलेले नाही आणि पतीवरूनही नाही. ते तिच्या कृतीवरून पडले आहे. एक नाव नात्याचे, दुसरे कर्तृत्वाचे. भयकथेतील नायिका या दोन नावांमधील अंतर चालून जाते का, हा माझ्या मते कळीचा प्रश्न आहे.

वाक्यातील स्त्री

मराठीत भीतीची वाक्ये कशी घडतात ते पाहा. ‘तिला भीती वाटली’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे भीती. स्त्री चतुर्थीत आहे. भीती येते आणि तिने ती सोसायची. ‘तिला झपाटले’ या वाक्यात ती कर्म आहे. ‘तिच्या अंगात आले’ या वाक्यात तर ती व्यक्तीही उरत नाही, कोणीतरी येऊन राहण्याचे स्थान होते. आता ‘तिने दार उघडले’ हे वाक्य घ्या. प्रयोग कर्मणी आहे, क्रियापद दाराप्रमाणे चालते. तरीही क्रिया करणारी तीच आहे. ‘तिला’पासून ‘तिने’पर्यंतचा हा प्रवास चांगल्या भयकादंबरीत घडतो. तो केवळ अखेरच्या प्रकरणात हाती कोयता देऊन घडत नाही. ती शंका घेते, प्रश्न विचारते, खोटे ओळखते, निर्णय घेते, आणि भीती वाटत असतानाच हे सर्व करते. जिला भीतीच वाटत नाही ती नायिका मला कणखर वाटत नाही. ती लेखकाने हलवलेली बाहुली वाटते.

या कसोटीवर आपल्या आवडत्या लेखकांनाही तपासावे. धारपांच्या अनेक कथांत ‘समर्थ’ येतात आणि संकटग्रस्तांना सोडवतात. वाचताना आपल्याला मोठा आधार वाटतो. परंतु तारणहार बाहेरून येतो, तेव्हा घाबरलेल्या माणसाचे वाक्य ‘ला’ या प्रत्ययापाशीच थांबते. 1897 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त मीना सर्वांच्या दैनंदिन्या टंकलिखित करून क्रमवार लावते, म्हणूनच शत्रूचा माग लागतो. पुढे पुरुषमंडळी ‘तिला जपायचे’ म्हणून तिला मसलतीतून वगळतात, आणि नेमकी त्याच काळात ती ड्रॅक्युलाच्या तावडीत सापडते. जपणे आणि वगळणे यांतील अंतर किती थोडे असते, हे अनेक विद्यार्थिनींना मी सांगायला नको.

आपल्या शब्दसंग्रहाकडेही पाहा. ‘जखीण’ हा शब्द ‘यक्षिणी’पासून आला. धनाची राखण करणारी देवयोनी लोकभाषेत भयप्रद भूत झाली. अर्थापकर्षाचे हे ठळक उदाहरण आहे. ‘हडळ’ आणि ‘अळवंतीण’ या शब्दांशी गरोदरपणात वा बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची समजूत जोडलेली आहे. जी अकाली मेली तिचे दुःख न करता तिचे भय बाळगायचे, असा हा व्यवहार आहे. 2017 साली महाराष्ट्रात प्रदर्शित झालेल्या ‘लपाछपी’ या चित्रपटात ऊसाच्या फडातील घरात अडकलेली गर्भवती नायिका हाच व्यवहार उलटा करते. ती भुताला भिते, पण हे भूत कोणी निर्माण केले असा प्रश्नही तिच्यामुळे उभा राहतो, आणि उत्तर मुलींचा जन्म नाकारणाऱ्या माणसांपाशी येऊन थांबते.

एक रास्त आक्षेप

अशा वाचनाने अंधश्रद्धा वाढत नाही का, असे आपण विचाराल. प्रश्न हलका नाही. ‘डाकीण’, ‘चेटकीण’ म्हणून जिवंत स्त्रियांचा छळ झालेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. परंतु कथा आणि अंधश्रद्धा यांत एक मूलभूत भेद आहे. कथा सांगते, ‘असे समजू’. अंधश्रद्धा सांगते, ‘असेच आहे, आता अमुक कर’. पुस्तक मिटताच कथेचा करार संपतो; अंधश्रद्धा मात्र बळी मागते. ज्या पुस्तकात डाकीण ठरवलेल्या स्त्रीची बाजू आपल्याला तिच्याच तोंडून ऐकू येते, ते पुस्तक अंधश्रद्धेला पोसत नाही.

दुसरा आक्षेप हिंसेचा. तो मला अंशतः मान्य आहे. जखमेचे वर्णन पानभर आणि वेदनेला एक ओळ, असे जेथे असेल तेथे पुस्तक खुशाल खाली ठेवावे. हिंसेचा परिणाम दाखवणारी आणि हिंसेची चटक लावणारी पुस्तके एकाच कपाटात असतात. ती वेगळी ओळखणे हीच आपली साहित्यदृष्टी.

करून पाहा

आपल्या आवडीच्या एखाद्या भयकथेतील पहिले आणि शेवटचे पान घ्या. नायिकेचा उल्लेख असलेली सर्व वाक्ये वहीत उतरवा. ‘ती’, ‘तिला’, ‘तिने’, ‘तिच्या अंगात’ अशी त्यांची विभागणी करा आणि दोन्ही पानांची तुलना करा. नंतर त्याच पद्धतीने अभ्यासक्रमातील एखाद्या प्रतिष्ठित कादंबरीचीही दोन पाने तपासा. निष्कर्ष आधी ठरवू नका. प्रतिष्ठित पुस्तकातील स्त्री अखेरपर्यंत ‘तिला’तच राहिलेली दिसली, तर तेही निःसंकोच लिहा. दिवसभराचे काम आटोपून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या वाचकाला एवढा अधिकार निश्चितच आहे.